खालची रेघ

पट्टी लाल झाली तेव्हा माझ्या तोंडात पावाचा तुकडा होता. प्रयोगशाळेत खायला बंदी आहे, पण दुपारी सगळे खाली जेवायला जातात आणि मी जात नाही, कारण खाली जेवताना बोलावं लागतं. यंत्राला आईचा आवाज देऊन मी खिडकीबाहेर बघत होते. समोरच्या उंच इमारतीवर एक माणूस दोरीला लटकून काचा पुसत होता. एक आवाज तपासून व्हायला त्याची एक काच पुसून होण्याइतका वेळ लागतो, हा माझा रोजचा हिशेब. काच झाली म्हणून मी वळले, तर पडद्याच्या कडेला लाल पट्टी. मी घास गिळायला गेले आणि तो आडवा गेला. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या टेबलावरचं पाणी पिऊन पुन्हा पाहिलं, तरी पट्टी लालच होती. मी आवाज काढून घेतला, पुन्हा दिला. खिडकीतल्या माणसाने दुसरी काच पुसली. पुन्हा लाल.

आम्ही ज्या आजारावर काम करतो तो नसांचा आजार आहे. तो वाजतगाजत येत नाही. हातातून भांडी निसटणं, पाय ओढत चालणं, हे सगळं पुढचं. काही जणांत तो आधी जिभेत आणि घशात शिरतो, आणि माणसाला स्वतःला पत्ता लागायच्या कितीतरी आधी त्याच्या आवाजात उतरतो. औषध नाही. आमचं यंत्र बोलण्याची रेघ काढतं आणि त्या रेघेतली थरथर मोजतं. हिरवी पट्टी म्हणजे निरोगी, पिवळी म्हणजे पुन्हा बघा, आणि लाल म्हणजे लाल. तिला आमच्याकडे दुसरा शब्द नाही. यंत्र शिकलं ते इथल्या लोकांच्या आवाजांवर. दुसऱ्या भाषा बोलणाऱ्यांचे आवाजही त्याला ओळखता येतात का हे पाहायचं काम शिष्यवृत्तीवर आलेल्या माझ्याकडे होतं. सुरुवातीला चार-दोन निरोगी आवाज हवे होते. आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "घरून सुरुवात कर. घरचे लोक नाही म्हणत नाहीत." इथे सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात. माझ्या तोंडून ते काही निघत नाही, म्हणून मनातल्या मनात त्या बाईच आहेत.

आईला फोनवर विचारलं तेव्हा ती केवढी हसली होती. "आता कुठे माझ्या आवाजाला परदेशाचं आमंत्रण आलं! काय बोलू? गाड्या सोडू का?" आई बसस्थानकावर उद्घोषणा करायची. सबंध आयुष्य तिने एका काचेच्या खोलीत बसून लोकांना गाड्यांवर चढवलं. शाळा सुटली की मी स्थानकावर जाऊन बाकावर बसायची आणि डोक्यावरच्या भोंग्यातून माझी आई सगळ्या गावाशी बोलायची. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. त्या आवाजात घाई नसायची, चिडचिड नसायची. घरी तो आवाज कधी ऐकू आला नाही, घरी ती चांगली खणखणीत ओरडायची. मला वाटायचं की आईला दोन गळे आहेत, एक नोकरीचा आणि एक आमचा. मीही पलंगावर उभी राहून, हातात लाटणं धरून गाड्या सोडायची. मी इतकी बोलायची की माझं नावच पोपट पडलं. पाहुण्यांसमोर आई म्हणायची, "हिच्या जिभेला हाड नाही." शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत समोरच्या पाच जणांना मी बोलून बोलून असं गुंगवलं की त्यांतल्या एकांनी हसत हसत हात जोडले. हे सगळं मला त्या लाल पट्टीसमोर आठवत होतं आणि वाटत होतं की असा आवाज, बाकी काही नाही, नेमका आवाजच जावा.

जेवून सगळे वर आले. माझ्या शेजारी एक उंचच उंच मुलगा बसतो, त्याला मी मनात जिराफ म्हणते. तो वाकून म्हणाला, "अरे वा, लाल! कुणाचा?" आम्हाला लाल पट्टी दिसली की आनंद होतो. यंत्र चालतंय याचा तो आनंद असतो. मीही कित्येकदा टाळी दिली आहे. मी म्हटलं, "आईचा." त्याला कळलं नाही. त्याने कान पुढे केला. मी पुन्हा सांगितलं, इथल्या भाषेत, सावकाश. मग त्याचा चेहरा पडला आणि तो सरळ बाईंना बोलवायला गेला.

हे पुन्हा सांगणं आता माझ्या अंगवळणी पडलं होतं. आल्या आल्या असं नव्हतं, हे नवलच. पहिल्या वर्षी माझं बोलणं सगळ्यांना कळायचं, बसवाला कधी वळून बघायचा नाही. या वर्षी तो दर वेळी "कुठे?" म्हणून विचारायचा. बेकरीतली बाई मागितलेला पाव सोडून दुसराच द्यायची आणि मी मुकाट्याने तो घ्यायची. परक्या भाषेत राहून राहून माणूस दमतो आणि उच्चार ढिले पडतात, अशी मी माझी समजूत घातली होती. वर्षाअखेरच्या बैठकीत माझ्या कामाचं निवेदन बाईंनी जिराफाला वाचायला दिलं. "सगळ्यांना नीट समजावं म्हणून," असं त्या म्हणाल्या. मला तोंडात मारल्यासारखं झालं. लाटणं धरून गाड्या सोडणाऱ्या मुलीचं भाषण दुसरा वाचतो! त्या दिवसापासून बाई माझ्याशी बोलताना माझ्या तोंडाकडे बघतात असं मला वाटायला लागलं. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. परकी माणसं अशीच बघतात, असं म्हणून मी तिकडे कानाडोळा केला. पण मी आणखी कमी बोलू लागले, खाली जेवायला जाणं सोडलं.

बाई आल्या, पट्टीकडे पाहिलं, खुर्ची ओढून माझ्याजवळ बसल्या. "आपण निदान करत नाही," त्या म्हणाल्या. "आपण मोजतो. हे यंत्र अजून तुझी भाषा शिकलेलं नाही. यावरून कुणाला काही सांगायचं नाही, तुला माहीत आहे."

"ती माझी आई आहे."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "आई किती वर्षांची? हात-पाय? गिळताना त्रास?" निदान करत नाही म्हणणाऱ्या बाईंनी हे सगळं विचारलं. बोलताना त्या पुन्हा माझ्या ओठांकडे बघत होत्या.

मी खोलीवर चालत गेले. माझी खोली एका लांबलचक इमारतीत आहे; सारखी दारं, सारखी पायपुसणी, जिन्यात कायम कपडे धुण्याच्या साबणाचा वास. चालताना मी आईला तपासत होते. गेल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा तिच्या हातून कपाचा कान तुटला होता. ती जिन्यात मधेच थांबली होती आणि म्हणाली होती, "थांब गं, गुडघे." एकदा जेवताना तिला ठसका लागला आणि बाबांच्या फोटोकडे बघत ती म्हणाली, "आठवण काढतायत." तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. आता ते हसणं मला सहन होईना. आठवणींचं असं असतं की एकदा शंकेची पाल चुकचुकली की मागचं सगळं तिच्या बाजूने साक्ष द्यायला लागतं. आई फोनवर हल्ली फारसं बोलत नाही, नुसतं "हं, हं" करते, हेही आठवलं. पूर्वी मला मधे बोलू द्यायची नाही. आता गप्प ऐकत राहते आणि मग म्हणते, "काय म्हणालीस?" ऐकायलाही कमी येतंय की काय, असं मी मनात नोंदवून ठेवलं.

दादाला फोन केला. दादा माझ्यापेक्षा मोठा, आईजवळ राहतो, औषधाचं दुकान चालवतो आणि मला डॉक्टर समजत नाही. "आई बदलल्यासारखी वाटते का तुला?"

"म्हणजे काय?"

"बोलण्यात. चालण्यात."

"आई ठणठणीत आहे. काल मला फैलावर घेतलं तिने. तू प्यायली आहेस का गं?"

"काहीतरीच काय!"

"मग अशी काय बोलतेस? जीभ जड झाल्यासारखी. झोपून घे जरा."

मी चिडले. इकडे माझा जीव टांगणीला लागलेला आणि याला थट्टा सुचते. नियम मोडून मी त्याला सगळं सांगितलं, यंत्राचं, लाल पट्टीचं, पुढे काय काय होतं त्याचं. औषधाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला त्या आजाराचं नाव माहीत असतं. "नक्की?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आमचं यंत्र सहसा चुकत नाही." हे वाक्य मी अभिमानाने म्हणाले, हे आठवलं की आता अंगावर काटा येतो.

दादाने आईला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिला काय सांगून नेलं कुणास ठाऊक, पण गाडी कुठे जाते ते आईपासून कधी कुणाला लपवता आलेलं नाही. तिच्या हातांत, पायांत सुया खुपसून नसा तपासल्या, शेवटी जिभेतही सुई घातली. फोनवर ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "जिभेला हाड नसतं हे त्यांनी नीट बघून घेतलं बरं का." डॉक्टर म्हणाले, काही नाही, वयाच्या मानाने उत्तम. आणि मी काय केलं? मी दादाला सांगितलं की त्या डॉक्टरांना कळत नाही, सुरुवातीला सुयांत काही सापडत नाही, आमचं यंत्र त्याच्या आधी ओळखतं, पुन्हा तपास. दादाने पुन्हा नेलं. आईने कपड्यांचं कपाट आवरायला घेतलं. वहिनी म्हणाली, आई आता कप उचलताना दोन्ही हात लावतात आणि मोठ्याने वाचत बसतात, पेपर, पाकिटावरची जाहिरात, काहीही. स्वतःचा आवाज ऐकत बसतात. माझी आई काचेच्या खोलीत परत जाऊन बसली होती आणि या वेळी ऐकणारं कुणी नव्हतं. तिला तिथे मी बसवलं होतं.

मला तिचा आवाज ऐकायचा होता. फोनवरचा नाही, फोनवर ती आता जपून, शब्द निवडून बोलायची. मला तो जुना हवा होता, हसताना पकडलेला, यंत्रात ठेवलेला. आमच्याकडे आवाज ऐकायला मनाई आहे हे सांगायचं राहिलं. ऐकलं की माणसाचा कान स्वतःच ठरवून टाकतो, आणि मग मोजणारा प्रामाणिक राहत नाही, असं बाईंचं म्हणणं. म्हणून प्रयोगशाळेत ऐकण्याची यंत्रं कपाटात असतात. आम्ही आवाज नुसता बघतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत दोन खुर्च्या आहेत. डावीकडे विचारणारा, उजवीकडे ज्याला तपासायचं तो. पडद्यावर दोन रेघा येतात. वरची डाव्या खुर्चीची, खालची उजव्या खुर्चीची. यंत्र खालची रेघ तपासतं. इतकी माणसं त्या खुर्च्यांत बसून गेली, इतक्या रेघा मी पाहिल्या, की खालची रेघ म्हणजे आजारी की निरोगी एवढाच प्रश्न माझ्या डोक्यात उरला होता. खाली कोण आहे, हा प्रश्न कुणाला पडतच नसे.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी कपाट उघडलं, कानाला लावायचं यंत्र काढलं आणि आईची खालची रेघ चालू केली. कानात एक बाई बोलायला लागली. आपल्याच भाषेत बोलत होती. आवाज जाड, ओला, शब्दांच्या कडा झिजलेल्या, तोंडात पावाचा घास ठेवून बोलावं तशी. मधेच नाकातून हवा निसटत होती. 'प' म्हणताना तिचे ओठ मिटायला उशीर करत होते. मला पहिल्यांदा एवढंच वाटलं की ही आई नाही, दुसऱ्याच कुणाचं ध्वनिमुद्रण इथे येऊन पडलंय. आणि इतकं हायसं वाटलं, की डोळे भरून आले. मग ती बाई म्हणाली, "आई, तू गाड्या सोड ना, प्रवाशांनी कृपया, ते म्हण ना." आणि कुठूनतरी दुरून, अगदी बारीक, कुणी हसलं.

आईचा आवाज घ्यायला मी फोन माझ्या टेबलावरून केला होता. तिथे ना डावी खुर्ची होती ना उजवी. फोन लावणाऱ्याचा आवाज यंत्राने खाली ठेवला होता आणि पलीकडचा वर. मी वरची रेघ लावली. तिथे आई होती, स्वच्छ, खणखणीत, गाड्या सोडत. तिच्या मागून दादाने काहीतरी विचारलं आणि ती त्याच्यावर ओरडली तेसुद्धा त्यात होतं. मी ती रेघ यंत्राला दिली. खिडकीबाहेर आज काचा पुसणारा नव्हता. त्याच्या दोऱ्या नुसत्या लोंबत होत्या. पट्टी हिरवी झाली.

प्रसाधनगृहातल्या आरशासमोर मी तोंड उघडलं. कसं बघायचं ते आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात. जीभ बाहेर काढायची नाही, तोंडातच निवांत पडू द्यायची आणि थांबायचं. मी थांबले. जिभेच्या कडेला कातडीखाली काहीतरी वळवळलं, गेलं, पुन्हा वळवळलं. मी काही करत नव्हते. दुसरी एक मुलगी हात धुवायला आली, माझ्याकडे बघून ओशाळली आणि हात न पुसताच गेली. मी तोंड मिटलं. खूप वेळ मी नळ सोडून उभी होते आणि मला कशाची भीती वाटत होती तर आजाराची नाही, एवढे दिवस सगळे मला सांगत होते आणि मी ऐकलं नाही याची. बसवाला, बेकरीतली बाई, दादा. आई तर रोज सांगत होती. काय म्हणालीस? पुन्हा सांग. मला वाटलं तिलाच कमी ऐकू येतंय.

बाईंच्या खोलीत गेले आणि दोन्ही रेघा त्यांच्या पडद्यावर ठेवल्या. त्यांना एका नजरेत कळलं. त्यांनी चष्मा काढला. "मला एकदा वाटलं होतं," त्या म्हणाल्या, "गेल्या हिवाळ्यात. मग म्हटलं, छे. ती बाहेरची आहे, तिची भाषा वेगळी आहे." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. इतक्या आवाजांवर आयुष्य घालवलेली बाई, आणि तिलाही माझं परकेपण आधी ऐकू आलं. मला रागही आला नाही. मी स्वतः तेच ऐकलं होतं. "उद्या तपासणी करून घेऊ," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, ही नुसती मोजणी आहे." मी मान हलवली. मान हलवायला बोलावं लागत नाही.

आईला कळवायचं होतं. निदान तिची सुटका करायची होती. खोलीवर आले, पलंगावर बसले, आणि काय बोलायचं ते आधी ठरवलं. छोटी वाक्यं. ओठ फार मिटावे लागणार नाहीत असे शब्द. लाटणं हातात घेणारी मी शब्द टाळत बसले होते, आणि तेही आईशी बोलताना. जिन्यात कुणीतरी वाळत घातलेले कपडे काढत होतं, चिमट्यांचा आवाज येत होता.

"आई, तुला काही नाही," मी म्हणाले. "चूक झाली. आमची. आवाज उलटे लागले. तुझा आवाज हिरवा आला."

"काय? हळू सांग, नीट सांग."

मी पुन्हा सांगितलं. पलीकडे आईने हंबरडाच फोडला. इतके दिवस ती रडली नव्हती, असं दादा म्हणाला होता. "अरे, ऐकलंस का, मला काही नाही! मी सांगत नव्हते? फुकट जिभेत सुया टोचून घेतल्या!" वहिनीचं हसणं ऐकू आलं, दादा माझ्या नावाने काहीतरी चांगलंच बोलला. आई नाक ओढत हसायला लागली. "पोपट, तुला चांगली फटकावायला हवी. कपाट आवरलं मी, माहितेय? तुझ्यासाठी साड्या वेगळ्या काढून ठेवल्या." मी फोन घट्ट कानाशी धरून तिला ऐकत होते. किती दिवसांनी ती मला मधे बोलू देत नव्हती. तो आवाज मला भोंग्यातून आल्यासारखा वाटला, सगळ्या गावाला पुरेल एवढा. वाटलं, असंच बोलत राहावं तिने, थांबूच नये.

ती थांबली. "आणि काय गं," तिने विचारलं, "मग तो लाल आवाज कुणाचा होता?"

मी फोन दुसऱ्या कानाशी नेला.

"तिला कळवलंत ना? बाईच असेल, नाही का? माझ्याशी गोंधळ झाला म्हणजे बाईच." मग तिचा आवाज उतरला. "बिचारी. इथे मला एवढं झालं, आणि माझ्याजवळ तर सगळी होती. तिचं आहे का कुणी तिकडे? तिच्या आईला कळवलंत का?"

"आम्ही कळवत नाही. नियम आहे."

"काय म्हणालीस?"

"नियम आहे."

"कळत नाही गं मला तुझं हल्ली, तोंडातल्या तोंडात बोलतेस. नियम? चुलीत घाला असला नियम. तिच्या आईला कळायला नको? तू सांग. कुणी नाही सांगितलं तर तू सांग, ऐकलंस? अगं, आहेस ना? लाईन गेली वाटतं."

लाईन होती. मी तोंड उघडून बसले होते. सांगायला जो शब्द पुढे करावा त्याला ओठ तरी मिटावे लागत होते, नाहीतर जीभ टाळूला लावावी लागत होती. एकच शब्द सापडला ज्याला दोन्ही लागत नाही.

"आई," मी म्हणाले. तो अगदी स्वच्छ आला.

"हं," आई म्हणाली. "बोल."